शुक्रवारी राजीनामा, सोमवारी रुजू

शेजारी बसलेल्या मुलीनं "सर, हे हाफीस ब्रह्मपुरीत कुठी येते?" असं विचारून कागद माझ्यापुढे धरला, म्हणून मी तो वाचला. एरवी जीपमध्ये दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसायची मला सवय नाही. आरमोरीहून सुटलेल्या त्या जीपमध्ये मधल्या सीटवर आम्ही चौघं कोंबलेलो होतो आणि माझा डावा हात कुणाच्या तरी पोत्यामागे अडकला होता. त्यामुळे तिनंच कागद धरून ठेवला आणि मी मान वाकडी करून वाचत गेलो. वर माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, आमच्या ऑफिसला आम्हाला पुरवणारी तीच कंपनी. खाली पद होतं, 'बहुउद्देशीय सहायक, एक नग'. नग हा शब्द माझ्या ओळखीचा. आमच्या सगळ्यांच्या कागदांवर तोच असतो. पंखे, खुर्च्या आणि आम्ही, सगळे नगावर मोजले जातो. पुढची ओळ मी दोनदा वाचली. 'श्री. धनराज दोनाडकर यांनी दिनांक ३१ ऑक्टोबर रोजी व्यक्तिगत कारणास्तव राजीनामा दिल्यामुळे रिक्त झालेल्या जागी आपली नेमणूक करण्यात येत आहे.' धनराज दोनाडकर म्हणजे मी. एकतीस ऑक्टोबर म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा शुक्रवार. त्या दिवशी पावणेसहापर्यंत मी ऑफिसात बसून बाहेर जाणारी पत्रं रजिस्टरात चढवत होतो, आणि राजीनामा दिल्याचं मला काही आठवत नव्हतं.

कुणालाही वाटेल की अशा वेळी माणूस ताडकन म्हणणार, हे खोटं आहे. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. मला वाटलं, दिला की काय मी? कारण राजीनामा हा माझा रोजचा उद्योग होता. सहा वर्षं याच रस्त्यानं, याच जीपमध्ये, मी रोज सकाळी मनातल्या मनात तो लिहीत आलो होतो. आरमोरी सुटली की पहिलं वाक्य सुरू व्हायचं, वैनगंगेच्या पुलावर मजकूर रंगात यायचा, आणि ब्रह्मपुरीचा पेट्रोल पंप दिसला की मी तो मनातच घडी घालून ठेवून द्यायचो. सुरुवातीला फार कडक होता. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात, आणि आपण माझ्याकडून कूलरमध्ये पाणी भरून घेता, वगैरे. पुढे तो शांत होत गेला, वाक्यं लहान झाली, कुणावर राग उरला नाही. गेल्या वर्षी तर तो इतका देखणा झाला होता की असा राजीनामा द्यायला आपण जिवंत आहोत याचंच मला कौतुक वाटायचं. घरी बायकोला, उर्वशीला, मी महिन्यातून दोनदा तरी सांगायचो, आता देऊनच टाकतो. ती म्हणायची, द्या, कोण धरून ठेवलं आहे. खरोखरच कुणी धरून ठेवलेलं नव्हतं, आणि तेच माझं सुख होतं. साहेब लोकांकडे गाड्या होत्या, माझ्याकडे हे होतं, की मनात येईल त्या दिवशी मी सोडून जाऊ शकतो. असल्या मालमत्तेला चोर लागत नाही असं मी समजून होतो.

"सर?" ती म्हणाली. "दूर आहे का स्टँडपासून?"

"नाही. मी तिकडेच जातो आहे. चला माझ्यासोबत."

"तुमी तिथीच काम करता?"

मी "हो" म्हणालो आणि मग "म्हणजे" म्हणालो. ती आपल्याच आनंदात होती, तिचं लक्ष नव्हतं. तिचं नाव दिव्यानी ठेंगरी. वडशाकडच्या एका खेड्यातली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, दोन वर्षं घरी बसलेली. हे तिनं न विचारता सांगितलं. नवी चप्पल होती आणि पाय दुमडून ती पोत्याच्या धुळीपासून वाचवत होती. "जागाच नाई निंघत सर कुठी," ती म्हणाली. "हे दोनाडकर का कोण होते, त्याईनं सोडली म्हणून मले भेटली. माही आई काल देवाजवळ म्हणून राह्यली होती, ज्यानं जागा सोडली त्याचं भलं कर." पुलावर जीप हळू झाली. खाली नदीत पाण्याच्या दोन धारा आणि मधे वाळू. दोन्ही काठांना लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून उभा होता आणि ओंब्यांनी वाकला होता. मी या सगळ्याकडे रोज बघत आलो, पण त्या दिवशी ते कुणीतरी काचेपलीकडे मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. माझं भलं व्हावं म्हणून एक अनोळखी बाई वडशाकडे प्रार्थना करत होती, आणि मी तिच्या मुलीला माझं नावही सांगितलं नव्हतं.

ऑफिस म्हणजे बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या तीन खोल्या. जिल्ह्यातल्या जंगली वनस्पतींची नोंद ठेवायचा एक प्रकल्प आहे, त्याचं हे तालुक्याचं कार्यालय. जाहिरातीत हे वाचूनच मी आलो होतो. त्याआधी दोन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तत्त्व हा शब्द तिथे कशासाठी घातला आहे ते मला अजून कळलेलं नाही. तास असेल तर माणूस, तास नसेल तर मोकळा, एवढंच ते तत्त्व. पोरं मला शुद्धलेखन सर म्हणायची, कारण वनस्पतिशास्त्राच्या पेपरातसुद्धा मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचो. खोड आहे ती माझी. हॉटेलातला भावफलक असो की लग्नपत्रिका, चुकलेली वेलांटी दिसली की माझा हात शिवशिवतो. प्रकल्पात आलो तेव्हा वाटलं, आता जंगलात हिंडायचं, पानं-फुलं गोळा करायची, नावं लावायची. मागच्या खोलीत वाळवलेल्या नमुन्यांचं एक लोखंडी कपाट आहे. सहा वर्षांत ते मी कामासाठी तीनदा उघडलं. बाकीचा वेळ मी बहुउद्देशीय होतो. झेरॉक्स काढली, पत्रं चढवली, पाहुण्यांना नाश्ता आणला, नागपूरहून येणाऱ्या तज्ज्ञांच्या बॅगा उचलल्या. एकदा एका तज्ज्ञानं गवताला चुकीचं नाव लावलं, मी हळूच सांगितलं, तर आमच्या कार्यालयप्रमुख मॅडम म्हणाल्या, "दोनाडकर, तुम्ही चहाचं बघा." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. त्या दिवशी पुलावर परतताना माझा राजीनामा अडीच पानांचा झाला होता.

दिव्यानीला मी बाहेरच्या बाकावर बसवलं आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. बसताना मला विचित्र वाटलं, एसटीत दुसऱ्याच्या रिझर्वेशनच्या सीटवर बसल्यासारखं. टेबलावर माझ्याच अक्षरातलं रजिस्टर उघडं होतं. शुक्रवारची शेवटची नोंद माझी. ते अक्षर बघूनही धीर येईना, उलट मी ते संशयानं न्याहाळू लागलो. शुक्रवारी जेवणानंतर मी काय केलं? स्टँडवर गेलो होतो का? कुणाला काही बोललो का? इतकी वर्षं जी गोष्ट मनात केली ती कधीतरी चुकून बाहेर सांडली तर? माणसं झोपेत चालतात म्हणे. माझ्या एका काकांनी झोपेत उठून बैल सोडले होते, सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. मी खिसे तपासले. उगाच.

दहा वाजता बिलाल आला. बिलाल हा त्या कंपनीचा आमच्या तालुक्यातला माणूस. कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होता, त्याच्या वडिलांचं स्टँडसमोर शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आल्या आल्या त्यानं दिव्यानीला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि पोटात कळ आल्यासारखा चेहरा केला.

"भाऊ, चिडू नोका," तो म्हणाला. "गलती झाली. नागपूरले कॉम्प्युटरवर नवीन पोट्टं बसवलं आहे. त्यानं तुमचा राजीनामा पाह्यला, जागा खाली झाली समजला, अन् भरून मोकळा झाला."

"राजीनामा आला कुठून पण?"

"तो तं जातेच ना."

"जातेच म्हणजे?"

बिलालनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला धान कशाला लागतो असं विचारलं होतं. "अकरा महिने झाले का जाते, भाऊ. सगळ्याईचा जाते. शुक्रवारी राजीनामा, सोमवारी रुजू. मधात शनिवार-रविवार ब्रेक. बारा महिने कोणाचे होऊच नाई द्याचे, नाई तं मंग तो माणूस कायमचा मांगाले लागते. तुमाले मालूम नाई?" आणि मग आवाज उतरवून, "मले वाटलं तुमाले मालूम आहे."

मी मागितली म्हणून त्यानं बॅगेतून फाइल काढली. तिच्यात माझे सात राजीनामे होते. सात म्हणजे एकच, त्याच्या सहा झेरॉक्स, प्रत्येकीवर तारखेच्या जागी वेगवेगळ्या पेनानं तारीख भरलेली. खाली माझी सही, खणखणीत, नावाखाली दोन टिंबांसकट. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती, आणि ती सुरू झाल्याशिवाय मला पुढचं काही कळणार नाही असं वाटत होतं. मग मी तारखा वाचू लागलो. पहिली टाळेबंदीतली, तेव्हा सगळा देशच घरी बसला होता, म्हणून ती मी सोडून दिली. दुसरीनंही काही आठवेना. तिसऱ्या तारखेवर डोळे थांबले. तो शुक्रवार, आणि त्यानंतरचा रविवार, म्हणजे माझ्या आईची तेरवी. मांडवात शंभर माणसं जेवायला बसली होती, मामा पाहुण्यांना सांगत होते, आमचा धनराज सरकारी प्रकल्पात आहे, आणि त्या वेळी धनराज कुठेच नव्हता. आईचा जीव शेवटपर्यंत त्या एका वाक्यावर शांत होता, पोरगा लागला आहे. तिच्या तेरवीला पोरगा बेकार होता आणि वाढपं करत होता. पाचवी तारीख डिसेंबर अखेरची, दुसऱ्या दिवशी मुलीचं बारसं. त्या दिवशी मी पाळण्याच्या दोरीजवळ उभा राहून मनाशी म्हणालो होतो, आता राजीनामा विसर बाबा, आता लेक आहे. आदल्या दिवशीच दिलेला होता. सहाव्या तारखेला मला काहीच आठवलं नाही, फार ताण दिला तरी नाही. ते दोन दिवस मी काय केलं, काय खाल्लं, कुणाशी बोललो, काही नाही. आयुष्यातून तेवढा तुकडा कापून नेला होता आणि मी ओरडलोसुद्धा नव्हतो.

चौथ्या तारखेशी मी परत आलो. प्रजासत्ताक दिनानंतरचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शनिवारी पाहुणे यायचे म्हणून आम्हाला बोलावलं होतं, आणि बॅनर बांधताना मी शिडीवरून पडलो. भुवईवर तीन टाके पडले. रक्त डोळ्यात गेलं होतं, काही दिसत नव्हतं, आणि बिलालनं मला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं होतं. तिथे तो चार तास बसून राहिला, नारळपाणी आणलं, संध्याकाळी आरमोरीपर्यंत सोडायला आला. उर्वशीनं त्याला जेवू घातलं. तेव्हापासून आमच्या घरी ईदला शिरखुर्मा यायचा आणि आमच्याकडून दिवाळीचा फराळ जायचा.

"त्या दिवशी मी कोणाच्या नोकरीत होतो रे बिलाल?" मी विचारलं.

त्यानं फाइलची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "माही हवा टाईट झाली होती भाऊ," तो म्हणाला. "तुमाले काई झालं असतं तं कागदावर तुमी नव्हतेच. मी दवाखान्यात बसून खुदाले म्हणून राह्यलो होतो का सोमवारवरी याले चांगला ठेव."

मी त्याच्यावर चिडायला हवं होतं आणि चिडता येत नव्हतं. चार तासांच्या त्या मैत्रीचा मी सहा जणांपुढे दाखला दिला होता. ती मैत्री नव्हती असंही म्हणवत नाही, भीती आणि माया एकाच माणसात शेजारी बसू शकतात. तोच पुढे म्हणाला, "माहाही राजीनामा आहे ना भाऊ. नागपूरच्या हाफीसात, बिनतारखेचा. मी तं पाह्यलाही नाई कधी." मग मी परत फाइलमधल्या मूळ कागदाकडे वळलो, निदान त्यात काहीतरी बनावट सापडावं म्हणून. सही माझी आहे, ठीक. पण ती कशाखाली घेतली हे मला कुठे ठाऊक होतं? मला नोकरी लागली तो जून आठवला. स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानावरची खोली, पत्र्याखाली तापलेली, आणि बिलाल कागदांची चळत पुढे सरकवत म्हणतो आहे, "फुली जिथी, सही तिथी." प्रत्येक कागदावर शिसपेन्सिलीची बारीक फुली. अकरा कागद. मी नोकरीच्या आनंदात सह्या करत सुटलो होतो, कोण वाचतं? असं मी स्वतःला सांगतच होतो, तेवढ्यात मला ते दिसलं. मजकुरात छापलं होतं 'राजिनामा', आणि त्या 'जि'ची पहिली वेलांटी निळ्या शाईनं खोडून कुणीतरी दुसरी काढली होती. पुढे 'व्यक्तीगत' होतं, तिथे उलटं केलं होतं. समासात बारीक अक्षरात दोन्ही शब्द शुद्ध करून लिहिले होते. कुणीतरी म्हणजे मी. ते अक्षर, तो तिरका 'र', ती मोजून मारलेली वेलांटी, जगात दुसऱ्या कुणाची नाही.

इतिहासात एका बाईनं 'ध'चा 'मा' केला म्हणतात, मी 'जि'चा 'जी' केला. निदान तिनं दुसऱ्याचा जीव घेतला. मला हसू आलं, पण त्यामागून जे आलं त्यानं ते थांबलं. न वाचता शुद्धलेखन तपासता येत नाही. मी तो कागद वाचला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, 'आपल्या संस्थेत मला उत्तम सहकार्य लाभले' हेसुद्धा, आणि त्यातल्या अर्थाला हात न लावता फक्त वेलांट्या नीट करून, खाली सही करून, बिलालला परत दिला होता. मग सहा वर्षं रोज सकाळी जीपमध्ये मी कुठला राजीनामा लिहीत होतो? जो आधीच दिला होता तो? मला ठाऊक होतं आणि मी ते ठाऊक नसल्यासारखा राहिलो, की मला खरंच ठाऊक नव्हतं? आत्ता हे लिहितानाही मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो की आपण फसवले गेलो याचा धक्का माणूस सोसतो, चार शिव्या देतो, मोकळा होतो. आपणच आपल्याला हाताला धरून नेलं, तेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, याला शिव्या तरी कुणाला द्यायच्या.

मॅडमनी आत बोलावलं. बोरकर मॅडम नाशिककडच्या आहेत, स्वभावानं वाईट नाहीत, कागद म्हणजे कागद असं मानणाऱ्या आहेत. टेबलावर माझा सातवा राजीनामा आणि दिव्यानीचा आदेश शेजारी शेजारी ठेवले होते. दिव्यानी दाराशी उभी होती. बिलाल माझ्या मागे, त्याच्या श्वासाला गुटख्याचा वास येत होता. "हा सगळा घोळ कंपनीचा आहे, मला त्यात पडायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "जागा एक आहे. माझ्यासमोर दोन माणसं आहेत. दोनाडकर, मला फक्त एका शब्दात सांगा. हा राजीनामा तुम्ही दिला आहे का? नाही म्हणा, मी आत्ता कंपनीला लिहिते, यांचा आदेश रद्द होईल, तुम्ही तुमच्या खुर्चीत जाऊन बसा."

दाराशी दिव्यानीनं माझं नाव ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली, नव्या चपलेकडे नेली. बिलाल माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "नाई म्हणून टाका भाऊ. नवीन सेट तयार आहे माह्याजवळ. फुल्या मारलेल्या आहेत. दहा मिनिटं लागते."

'नाही' माझ्या तोंडात तयार होतं. ते खरंही होतं आणि सोपंही होतं. घरी उर्वशी आहे, अंगणवाडीत मदतनीस, तिच्या एकटीच्या जिवावर घर चालत नाही. मुलगी दोन वर्षांची होत आली. आरमोरीत भाड्याच्या दोन खोल्या. माझं वय चौतीस, आणि माझ्या शिक्षणाची जागा कुठे निघत नाही हे मला त्या पोरीनं सकाळीच सांगितलं होतं. त्यामुळे मी जे केलं ते त्या पोरीसाठी केलं असं कुणी समजू नये. मी इतका मोठ्या मनाचा नाही, त्या क्षणी तर मला तिचा राग आला होता, तिनं नजर खाली घातली म्हणून. मला दिसत होतं ते एवढंच, की 'नाही' म्हटलं की मला बाहेर जाऊन परत अकरा फुल्यांवर सह्या कराव्या लागतील, आणि त्यातला एक कागद माझी वाट बघत असेल. आणि आता मी तो वाचला नाही असं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी पुन्हा कुठल्याशा शुक्रवारी संपेन आणि मला ती तारीख ठाऊक असेल. मग रोजच्या जीपमध्ये मी काय लिहू? पुलावर काय करू? एवढी एक गोष्ट माझी होती, ती मला न विचारता सात वेळा वापरली गेली होती, आणि आता ती माझी नव्हती असं मीच माझ्या तोंडानं सांगायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "माझाच आहे तो."

मॅडमनी चष्मा काढला. "विचार करून बोला, दोनाडकर."

"सही माझी आहे. दुरुस्त्या माझ्या आहेत. दिलेला आहे मी."

माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. वाटलं होतं, या शब्दांसरशी काहीतरी होईल. सहा वर्षं ज्याची तालीम केली त्या क्षणी निदान छाती तरी हलकी होईल, मी ताठ होईन, मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. तसलं काही झालं नाही. मला लघवीला लागली होती. मॅडमनी चष्मा परत लावला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मग यांना चार्ज देऊन टाका."

चार्ज द्यायचा म्हणजे आपल्या ताब्यात जे जे आहे ते नव्या माणसाच्या हवाली करून यादीवर दोघांनी सह्या करायच्या. मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो, कोरा कागद घेतला आणि यादी करू लागलो. पत्रांचं रजिस्टर, एक. शिक्के, दोन. स्टेपलर, एक. नमुन्यांच्या कपाटाची किल्ली, एक. पाचव्या नोंदीसाठी मी आकडा घातला आणि हात थांबला. सहा वर्षं इथे होतो, काहीतरी असणारच. खण उघडला, त्यात डोकेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि एक रबरबँड. मी पाचचा आकडा खोडला आणि खाली रेघ मारली. घड्याळात बघितलं, आठ मिनिटं झाली होती.

दिव्यानी टेबलासमोर उभी होती. तिनं सही केली, किल्ली घेतली, ओढणीच्या टोकाला बांधावी की फोल्डरात ठेवावी या विचारात पडली, आणि मग हळूच म्हणाली, "सर, तुमी काऊन सोडली?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. अडीच पानांचं उत्तर माझ्याकडे होतं. त्यातलं एक वाक्यही आठवेना. मी त्याऐवजी तिलाच विचारलं, आणि विचारताना मला माझा मोठेपणा वाटत होता, की निदान हिला तरी मी सावध करतो आहे. "बिलालनं तुझ्याकडून कागदांवर सह्या घेतल्या असतील. वाचून केल्यास का?"

"हो सर. घरीच पाठवला होता सेट. मी सगळा वाचला."

"त्यात एक राजीनाम्याचा कागद असतो."

"आहे ना. त्यावर तारीख टाकाची नाई म्हणे." तिचा चेहरा अगदी साधा होता, परीक्षेत ठाऊक असलेला प्रश्न आल्यासारखा. "आईनं विचारलं, हे काय आहे बाई. मी म्हटलं, नोकरी लागली का हे द्याच लागते. बिना त्याचं कोणी घेतच नाई."

मी रजिस्टर मिटलं. तिला वाटलं, मी अजून काही सांगणार आहे, म्हणून ती थांबली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात फोल्डर, पाय अवघडले म्हणून भार या पायावरून त्या पायावर. मग माझ्या लक्षात आलं, खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी बसलो आहे. मी उठलो.